हजेरीपटावरचे नाव

(चिंचवड येथील एका माध्यमिक शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज येथे ज्यांचा गौरव झाला, त्या सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. शालान्त परीक्षेतील गुण असोत, विज्ञान प्रदर्शन असो वा खो-खोचे मैदान असो, या यशामागे वर्षभराचे कष्ट आहेत. ते तुमचे आहेत, तुमच्या आईवडिलांचे आहेत आणि शिक्षकांचेही आहेत. मात्र ज्याला ढाल नाही, चषक नाही आणि ज्याची बातमीही होत नाही, अशा एका यशाविषयी मला आज बोलायचे आहे. ते यश म्हणजे वर्गात रोज हजर असणे.

समारंभापूर्वी मुख्याध्यापकांच्या अनुमतीने मी आठवीच्या एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहिलेला होता. बाई हजेरी घेत होत्या. ‘हजर बाई’, ‘हजर बाई’ असे आवाज एकामागून एक उमटत होते. मध्येच एका नावाला उत्तर आले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितले, ‘‘बाई, तो आता येत नाही. त्यांनी खोली सोडली.’’ बाई क्षणभर थांबल्या, त्यांनी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचे नाव पुकारले. गणिताचा तास सुरू झाला; पण माझे मन मात्र त्या रिकाम्या जागेपाशीच अडकून पडले.

‘हजेरी’ हा शब्द आपल्या या उद्योगनगरीला नवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना आला आणि खेडेगावांची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्यानंतर कारखानदारी चाकणपर्यंत पोहोचली. येथे बसलेल्या कितीतरी पालकांचे वडील गावाकडची शेती भावाच्या हवाली करून येथे आले आणि कारखान्याच्या दारावरील हजेरीवर त्यांनी संसार उभा केला. त्या हजेरीने आपल्याला स्थैर्य दिले. आज कंत्राटी कामावर येणाऱ्याला मात्र ते स्थैर्य नाही. कंत्राट संपले की खोली सुटते, आणि खोली सुटली की मुलाची शाळा सुटते.

याच शब्दाचा दुसरा इतिहास अधिक दाहक आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्यांसारख्या अनेक जमाती केवळ जन्मामुळे गुन्हेगार ठरल्या. त्यांच्या माणसांची नावे सरकारी पटावर चढली, ठरल्या वेळी हजेरी देण्याची सक्ती झाली आणि परवान्यावाचून गाव सोडणे हा अपराध ठरला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण कपाळावरचा शिक्का कागदाबरोबर पुसला गेला नाही.

मित्रहो, याच समाजाची मुले आज आपल्या चिंचवडगावात शिकत आहेत. रँडच्या वधानंतर १८९८-९९ मध्ये फासावर गेलेल्या चापेकर बंधूंच्या नावाने येथे क्रांतिवीर चापेकर स्मारक समिती काम करते. तिने उभ्या केलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुले-मुली राहतात आणि शिकतात. १९९०च्या दशकात तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम उभे करणारे गिरीश प्रभुणे हेच त्यामागील प्रेरणास्थान. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे आणि त्याला शिक्षणात मानाचे स्थान हवे, हा तेथील विचार. ज्यांच्या पूर्वजांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली, त्यांची नातवंडे वर्गात ताठ मानेने ‘हजर’ म्हणतात. तो एक शब्द उच्चारायला किती पिढ्या लागल्या, याचा हिशेब कोणत्या गुणपत्रिकेत मांडणार?

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे बिऱ्हाड पाठीवर, त्यांनी हा पुरावा आणायचा कोठून? अशा वेळी आजोबांच्या नावाची शाळेतील एक नोंद लाखमोलाची ठरते. पण आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? म्हणून आज एखाद्या मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात नोंदले जाते आणि तेथे टिकते, तेव्हा त्याच्या नातवंडांची वाटही थोडी सुकर होते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, तरीही नाकारता येत नाही. शिक्षण मध्येच तुटले असेल तर वयाला अनुरूप वर्गात बसवून विशेष शिकवणी देण्याची तरतूद त्यात आहे. परंतु ज्यांना कागद वाचता येत नाही, त्यांना हे सांगणार कोण? वीटभट्टीवर कायद्याचे पुस्तक पोहोचत नाही. तेथे माणसालाच जावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणूनच तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या वर्गात एखाद्या नावाला दोन दिवस उत्तर आले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. बिऱ्हाड हलले असेल तर शेजाऱ्यांना विचारून नवा पत्ता काढा आणि बाईंना द्या. त्याची वही अपुरी राहिली असेल तर ती पूर्ण करायला मदत करा. पालकांनो, मुले या कामासाठी निघाली तर त्यांना अडवू नका. जमल्यास सोबत जा. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून पुष्कळदा उच्चारतो. त्याचा पहिला धडा मित्राच्या दारात उभे राहून त्याला हाक मारण्यात आहे.

पुढच्या वर्षी याच सभागृहात गुणवंतांच्या यादीबरोबर आणखी एक यादी वाचली जावी, अशी माझी इच्छा आहे. शाळेपासून तुटलेल्या ज्या मुलांना त्यांच्या वर्गमित्रांनी परत आणले, त्यांची ती यादी असेल. आज सकाळी मी ज्या वर्गात बसलो होतो, त्या आठवीच्या मुलांनी उद्यापासूनच कामाला लागावे. कोणाला शोधायचे, ते त्यांना ठाऊक आहे.