सिमेंट, हात आणि क्रोमियम



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकुनी करणारा. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज क्रोमियम या धातूविषयी बोलणार आहे. आपल्या मोखाडा-जव्हारकडची माणसे दिवाळीनंतर ठाणे, भिवंडी, नाशिककडे जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर बिगारी म्हणून. बांधकामावर हा धातू सिमेंटमधून त्यांच्या अंगाला लागतो. "सिमेंटने हात खाल्ले" असे आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो.

क्रोमियमची दोन रूपे ध्यानात घ्यावीत : त्रिसंयुजी आणि षट्संयुजी. पहिले शरीरात फारसे शिरत नाही, दुसरे विषारी. (स्टीलच्या पातेल्यातही क्रोमियम असते, पण ते धातुरूप. भांडी फेकायला निघू नका!) सिमेंटच्या भट्टीतील उष्णतेने कच्च्या मालातल्या क्रोमियमचा काही भाग षट्संयुजी बनतो आणि पाणी मिसळताच विरघळतो.

ते पेशीत शिरते कसे? आपल्या पेशी सल्फेट आत घेतात. षट्संयुजी क्रोमियमचे क्रोमेट दिसायला सल्फेटसारखेच. आमच्या भाषेत सांगायचे तर सही जुळली आणि खोटा चेक पास झाला!

पोटात गेलेल्या क्रोमेटचे जठररस बऱ्याच अंशी त्रिसंयुजीत रूपांतर करतो, आणि ते बहुतांशी मलावाटे निघून जाते. मात्रा वाढली तर जठररसाचे बळ पुरत नाही. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम ही क्रोमियमची मर्यादा आहे. रक्तात पोचलेले क्रोमेट तांबड्या पेशींत अडकते आणि पेशी जगेल तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिथेच राहते. उरलेले मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात.

खरी गोम पुढे आहे. पोटात जे रूपांतर आपल्याला वाचवते, तेच पेशीच्या आत घडले की घात करते. तिथे क जीवनसत्त्व व ग्लुटाथायोन क्रोमेटला त्रिसंयुजी करतात. मग त्याला सहज बाहेर पडता येत नाही आणि ते डीएनएला चिकटते. फुप्फुसात जठररसासारखा आडवा येणारा कोणी नाही. त्यामुळे क्रोम मुलामा देण्याच्या कारखान्यातील वाफा अधिक घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली षट्संयुजी क्रोमियमला कर्करोगकारक ठरवले.

त्वचेत हाच धातू प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्याला शत्रू समजू लागते. खाज, भेगा, पाणी सुटणे. एकदा ही ॲलर्जी जडली की अनेकांना जन्मभर पुरते. ओल्या सिमेंटमधला चुना कातडी आधीच सोलतो, म्हणून वाट सोपी होते. काउंटरवर अंगठा न उठणारे हात मी पाहतो; तिथे घासण्याचा आणि चुन्याचाच हात मोठा, पण क्रोमियमला दार तिथेच उघडते.

यावर उपाय नाही असे नाही. डेन्मार्कने १९८३ सालीच सिमेंटमध्ये लोहसल्फेट मिसळून षट्संयुजी क्रोमियम कमी करायला लावले. युरोपीय संघाने २००५ पासून दशलक्षात २ भाग ही मर्यादा घातली. आपल्या बिगाऱ्याने मात्र हात वाळण्याची वाट न पाहता लगेच भरपूर पाण्याने धुवावेत, आणि मुकादमाकडे रबरी हातमोजे मागावेत. ज्यांना ॲलर्जी जडली आहे त्यांनी चामडी मोजे घेऊ नयेत. बहुतेक चामडे क्रोमियमच्याच क्षारांनी कमावलेले असते.