सभा बोलते, यंत्र लिहितं



येत्या ग्रामसभेत ग्रामसेवकानं टेबलावर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, तर नवल वाटून घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं ‘सभासार’ नावाची सोय सुरू केली. सभेचं ध्वनिमुद्रण तिच्यात चढवलं की इतिवृत्ताचा मसुदा तयार होऊन येतो. ‘भाषिणी’ या सरकारी भाषा-मंचाच्या आधारानं ती चालते आणि तिला मराठीही येते. सेवाग्राम, पवनार, सेलू, कुठंही वापरा. पण ती नेमकं करते काय आणि कुठं चुकते, हे सही करणाऱ्याला ठाऊक हवं.

बोललेलं लिहून काढणं हे आपल्या वर्धा परिसराला नवं नाही. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीतून भर उन्हात पायी सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, यायचे, गांधीजींचं बोलणं टिपायचे, आणि त्यातलं बरंच ‘हरिजन’ साप्ताहिकातून देशभर जायचं. पवनारच्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत. बोलणाऱ्याचं वाक्य कुठं संपलं, नवा मुद्दा कुठं सुरू झाला, हे गुरुजींना कळत होतं, कारण विषय त्यांना कळत होता. यंत्राची खरी परीक्षा तिथंच आहे.

यंत्र आवाजाचे अगदी बारीक तुकडे पाडतं, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके. प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर किती जोरात आहेत ते पाहतं आणि पूर्वी ऐकलेल्या हजारो तासांच्या बोलण्याशी ताडून अक्षरांचा अंदाज बांधतं. उदाहरणार्थ, ‘व्हिस्पर’ ही २०२२ मध्ये आलेली अशीच एक प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकली. त्यात सिंहाचा वाटा इंग्रजीचा, मराठीचा अगदीच थोडा. जुन्या प्रणाल्यांतून नुसती शब्दांची माळ बाहेर पडायची. मग दुसरं यंत्र त्यात विरामचिन्हं भरायचं, तिसरं आकडे अंकांत लिहायचं. आता बहुतेक ठिकाणी हे काम एका दमात होतं. तरी स्वल्पविराम हा अंदाजच असतो.

एक उदाहरण ऐका. सभेत कुणी म्हणालं, ‘हातपंप दुरुस्त करायचा नाही नवीन बसवायचा.’ ‘नाही’नंतर थांबलात, तर ठराव नव्या हातपंपाचा. ‘नाही’च्या आधी पूर्णविराम पडला, तर जुनाच दुरुस्त होणार. शब्द तेच, खर्च वेगळा. माणूस आवाजाच्या चढउतारावरून आणि मागच्या चर्चेवरून ओळखतो. यंत्रही तो प्रयत्न करतं, पण पंखा घरघरत असला आणि तिघं एकदम बोलत असले की त्याचा अंदाज कोलमडतो.

आकड्यांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. आपली मराठी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन अशी मोजते. ‘पावणेदोन लाख’ म्हणजे १,७५,०००. त्यातलं ‘पावणे’ यंत्राच्या कानाआड गेलं, तर कागदावर पंचवीस हजार वाढले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचीही घाईत गल्लत होते. म्हणून ठराव मांडताना रक्कम दोनदा बोला: ‘पावणेदोन लाख, म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार.’ तारीखही महिना-वर्षासकट पूर्ण सांगा.

मग आपली वऱ्हाडी. ‘आमच्या गल्लीत पानी येऊन नाही राह्यलं’ असं बाई सांगते, तेव्हा पाणी येतच नाही अशी तिची तक्रार असते. यंत्रानं ते ‘पाणी येऊन राहिलं नाही’ असं शुद्ध केलं, तर पाणी आलं पण टिकलं नाही असा अर्थ लागतो. माझं स्पष्ट मत आहे की तक्रार ज्या बोलीत झाली त्याच बोलीत आधी उतरवावी, प्रमाण मराठी मागाहून शेजारी लिहावी. आणि तुम्हीही यंत्रासाठी बोली बदलू नका. वऱ्हाडी त्याच्या कानावरच पडली नाही, तर ते शिकणार कशावर?

आणखी एक खोड. सभेत सगळे गप्प बसले की काही प्रणाल्या त्या शांततेतही वाक्यं रचून टाकतात, कुणीच न बोललेली. वाचायला ती अगदी सफाईदार असतात, म्हणून नजरेतून सुटतात. मसुद्यात ‘सर्वानुमते मंजूर’ दिसलं आणि तुम्हाला हात वर झालेले आठवत नसतील, तर मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला मागा. ते निदान पुढची सभा होईपर्यंत पुसू देऊ नका.

मोबाइल बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर ठेवा, ग्रामसेवकाच्या खिशात नको. बोलण्याआधी प्रत्येकानं नाव सांगावं. कोण बोललं हे ओळखण्यात यंत्र अजून कच्चं आहे. दवाखान्यात अशी सोय वापरणाऱ्या डॉक्टरांनी औषधाचं नाव आणि मात्रा स्वतः वाचल्याशिवाय कागद पुढं सरकवू नये, आणि रेकॉर्डिंगआधी रुग्णाला विचारावं. बचतगटाच्या ताईंनाही एक सांगणं: कुणाच्या कर्जाची, घरातल्या भांडणाची गोष्ट निघाली की आधी रेकॉर्डिंग थांबवा.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय बहुधा एकच असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. बऱ्याच गावांत तो ‘वाचल्याचं समजण्यात येतं’ म्हणून आटोपतात. यंत्रानं लिहिलेलं इतिवृत्त समोर आलं की तसं होऊ देऊ नका. उभं राहून सांगा, ‘मोठ्यानं वाचा.’ सगळ्यांनी ऐकून झाल्यावरच सही होऊ द्या.