पांढऱ्या वाघाचे आईबाप



आपल्या पातूरच्या डोंगरात बिबट्याची चाहूल लागते. पांढरा वाघ मात्र छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जाऊनच पाहावा लागतो. मुलं त्या पिंजऱ्यापुढून हलता हलत नाहीत. तो पांढरा रंग आला कुठून, हे आज सांगायचं आहे.

१९५१ साली मध्य प्रदेशातल्या रीव्याच्या जंगलात एक पांढरा बछडा पकडला गेला. त्याचं नाव ठेवलं मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं पिवळीच निघाली. मग त्याची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली. १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं जन्मली. पुढंही रंग टिकवायचा म्हणून नात्यातच जोड्या लावत गेले. आपल्याकडचा कोणताही जुना गुराखी सांगेल, कळपातला वळू काही वर्षांनी बदलावाच लागतो. वाघांच्या बाबतीत एवढंही पाळलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या गटाला या पांढऱ्या रंगाचं कारण सापडलं. एका जनुकातला एकच बदल! तो आई आणि बाप दोघांकडून आला, तरच वाघ पांढरा होतो. रंगद्रव्याच्या या बिघाडात डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाट चुकते, म्हणून पुष्कळ पांढरे वाघ तिरळे असतात. बाकीच्या दुखण्यांचा दोष मात्र रंगावर टाकू नये. एकाच घराण्यात दबलेली सदोष जनुकं दोन्हीकडून एकत्र आली, की पिल्लं कमजोर निघतात.

पिवळ्या वाघातही पांढरेपणाचं जनुक लपलेलं असू शकतं. पण ते तपासता येतं. रक्तातून, केसांतून, विष्ठेतूनही डीएनए मिळतो; हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा वन्यप्राण्यांवर असंच काम करते. नुसत्या वंशावळीच्या वहीवर विसंबून चालत नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी शुद्ध आशियाई म्हणून वाढवलेल्या सिंहांच्या मूळ पूर्वजांत आफ्रिकी सिंह होते, हे १९८७ च्या तपासणीत उघड झालं.

म्हणून प्रत्येक जोडी लावण्याआधी तपासणी व्हावी, आणि केवळ रंगासाठी पिल्लं जन्माला घालणं थांबावं. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन सिद्धार्थ उद्यानात गेलात, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा: या वाघाचे आईबाप कोण, आणि त्या दोघांचं एकमेकांशी नातं काय?