जुन्या बाजारातलं फाउंटन पेन

पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, गंजक्या कुलपांच्या ढिगात एखादं जुनं फाउंटन पेन हाती लागतं. घेण्याआधी टोपण काढा. निबची दोन्ही टोकं शाबूत आणि एका पातळीत आहेत ना, टोपणाच्या कडेला चीर नाही ना, हे उजेडात पाहा. पेनाचं काळं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, उन्हाने तपकिरी पडतं. लिहिण्याला त्याची बाधा नाही. आतली रबरी पिशवी कडक झाली असेल, तर बदलता येते. १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ या पेनाचं निब मात्र आवरणाखाली झाकलेलं असतं. फक्त टोक दिसतं. निबमधली सुकलेली शाई साध्या पाण्यानेच सोडवा. गरम पाणी, स्पिरिट नको. निगा राखलीत, तर हे पेन नातवंडंही वापरतील.