‘डॉक्टर हू’ : कोठल्या दारानें आंत शिरावें ?

आठशेंहून अधिक भाग आणि साठांहून अधिक वर्षें एवढा ज्या कथेचा पसारा आहे, ती नव्या माणसानें कोठून पाहावयास घ्यावी, या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी मजवर आली ती माझ्या नातवामुळें. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु त्याचें उत्तर मीं प्रथम चुकीचें काढलें, आणि त्या चुकीपायीं आम्हां दोघांमधलें बोलणें तुटण्याच्या बेताला आलें होतें. म्हणून तो आज आपल्यापुढें मांडतों.

माझी मुलगी वेल्समधील कार्डिफ शहरीं राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दर रविवारीं दूरध्वनीवरून आमचें बोलणें होई, तें फार तर चार मिनिटें टिके. “अभ्यास कसा चालला आहे?” “बरा.” “तिकडे पाऊस आहे का?” “आहे.” येथें संभाषण संपे. एके दिवशीं मुलगी म्हणाली, “बाबा, तो ‘डॉक्टर हू’विषयीं मात्र तास तास बोलतो. तेवढें विचारून पाहा.” ‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांची मालिका. २००५ सालापासून तिचें चित्रण बव्हंशीं कार्डिफ व आसपासच्या मुलखांत झालेलें आहे. तेव्हां तेथल्या मुलांना ती आपल्या आळींतलीच वाटावी यांत नवल नाहीं. मीं मनाशीं ठरविलें, कीं आपणहि ती पाहावयाची, आणि नातवाशीं बरोबरीच्या नात्यानें बोलावयाचें.

आमची पिढी पोथी पहिल्या अध्यायापासून लावणारी. मधलें पान उघडून वाचणें हा आमच्या घरीं आळशीपणा समजला जाई. तेव्हां मीं अर्थातच १९६३ सालापासून आरंभ केला.

त्या वर्षीं २३ नोव्हेंबर रोजीं, शनिवारीं सायंकाळीं, या मालिकेचा पहिला भाग दाखविण्यांत आला. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता, आणि इंग्लंडांत घरोघर लोकांचें चित्त त्या वार्तेनें व्यापलें होतें. म्हणून पुढच्या शनिवारीं, दुसरा भाग दाखविण्यापूर्वीं, पहिला भाग पुन्हां एकदां दाखविला गेला. म्हणजे उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठीं दार पुन्हां उघडण्याची रीत या घरांत पहिल्या आठवड्यापासूनची आहे; पण हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

तो पहिला भाग, खरें सांगावयाचें तर, आजहि सुरेख वाटतो. लंडनमधील एका शाळेंतले दोन शिक्षक, एक विज्ञान शिकविणारा व एक इतिहास शिकविणारी, आपल्या एका विद्यार्थिनीच्या विलक्षण ज्ञानानें बुचकळ्यांत पडतात. ती राहते कोठें हें पाहण्यासाठीं ते तिच्या मागोमाग जातात, तों एका भंगाराच्या आवारांत त्यांना एक निळी पोलिसपेटी उभी दिसते. त्या काळीं लंडनच्या रस्त्यांवर अशा पेट्या असत. त्यांत दूरध्वनी असे, आणि त्यावरून पोलिसठाण्याशीं बोलतां येई. ही पेटी मात्र बाहेरून कपाटाएवढी आणि आंतून दिवाणखान्याहून प्रशस्त आहे, व ती स्थळांत आणि काळांत कोठेंहि जाते. तिचा मालक एक तिरसट म्हातारा. त्याला ‘डॉक्टर’ एवढेंच नांव. आणि ती विद्यार्थिनी त्याची नात. भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा आपल्या लखनौस जन्मलेला, अवघा चोवीस वर्षांचा तरुण होता, आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट हीहि तिशीच्या आंतलीच. सुरुवातीच्या संगीताची चाल रॉन ग्रेनर यांची; पण डेलिया डर्बीशायर या बाईंनीं ती कोणतेंहि नेहमीचें वाद्यवृंद न वापरतां, विद्युत्‌यंत्रांतून काढलेल्या स्वरांच्या फिती कापून व जोडून सिद्ध केली. आम्हां आकाशवाणीच्या श्रोत्यांनीं तेवढ्यासाठींच हा भाग एकदां ऐकावा.

परंतु यापुढले तीन भाग! पेटी अश्मयुगांत जाते, आणि तेथें गुहेंतलीं माणसें अग्नि कोणी पेटवावा याविषयीं भांडत बसतात. माझ्या पत्नीनें दुसऱ्या भागाच्या मध्यावर उठून भाजी निवडावयास घेतली. तिसऱ्या भागाला ती फिरकलीच नाहीं. त्यानंतरचें कथानक सात भागांचें. त्यांतच टेरी नेशन या लेखकाच्या सुप्रसिद्ध ‘डॅलेक’ या यंत्रवेष्टित शत्रूंचा जन्म झाला, आणि त्यांनीं त्या वेळीं सारें इंग्लंड वेडावून सोडलें; पण आजच्या माणसाला त्या कथेची चाल बैलगाडीची वाटते. रविवारीं नातू विचारी, “आजोबा, कुठवर आलांत?” मी म्हणें, “अजून गुहेंतच आहें.” मग म्हणें, “डॅलेकांच्या तिसऱ्या भागांत आहें.” त्याला सांगावयाचें होतें भलतेंच, आणि मी तेथवर पोंचण्यास वर्षें लागणार होतीं. पुढें पुढें त्यानें विचारणेंच सोडलें. आमचें संभाषण पुन्हां पावसावर आलें.

याहून मोठी अडचण पुढें उभी होती. १९६० नंतरच्या दशकांतले नव्वदांहून अधिक भाग आज नाहींतच. फिती महाग होत्या, म्हणून त्या पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, आणि चित्रपटाच्या प्रतीहि नष्ट करण्यांत आल्या. पहिल्यापासून क्रमानें पाहूं म्हणणाऱ्याचा मार्ग अशा रीतीनें मध्येंच तुटतो. त्यांतल्या त्यांत एक गोष्ट मला फार हृद्य वाटली : हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण कांहीं प्रेक्षकांनीं त्या काळीं घरच्या ध्वनिमुद्रकावर तो उतरवून घेतला होता. चित्र गेलें, शब्द राहिला.

शेवटीं नातवानेंच मला सोडविलें. तो म्हणाला, “आजोबा, तुम्हांला सुरुवातीपासून बघायला सांगितलं कोणी? तिथून कोणीच बघत नाहीं.”

मुलाचें म्हणणें खरें होतें. १९६६ सालीं पहिला नट विल्यम हार्टनेल याची प्रकृति ढासळली, तेव्हां निर्मात्यांनीं मालिका बंद न करतां एक युक्ति योजिली. डॉक्टर हा मनुष्यच नव्हे. तो मरणासन्न झाला, कीं सर्पानें कात टाकावी त्याप्रमाणें देह टाकतो, आणि नवा चेहरा व नवा स्वभाव घेऊन उठतो. पॅट्रिक ट्राउटन हा त्याच्या जागीं आला. तेव्हांपासून दर कांहीं वर्षांनीं नट बदलतो, सोबती बदलतात, पुष्कळदां लेखकहि बदलतो, आणि कथा पुन्हां आरंभापासून सांगितली जाते. २०२४ सालीं तर निर्मात्यांनीं नव्या हंगामाला पुन्हां ‘पहिला’ असाच क्रमांक दिला. आणखी एक पाहा. डॉक्टर ज्या ‘टाइम लॉर्ड’ लोकांपैकीं आहे, त्यांचें नांव प्रेक्षकांना १९६९ सालीं कळलें. त्याच्या ग्रहाचें ‘गॅलिफ्रे’ हें नांव १९७३ सालीं. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनीं सहा वर्षें हा कोण, कोठला, याचा पत्ता नसतांना त्याच्यावर प्रेम केलें. मग आपल्यालाच सारी वंशावळ आधीं कां हवी? महाभारत तरी आपल्यापैकीं किती जणांनीं आदिपर्वापासून वाचलें? आजीनें बकासुराचा गाडा सांगितला, तेथून आपण आंत शिरलों.

तेव्हां दार कोणतें? माझें मत असें, कीं बहुतेकांनीं २००५ सालच्या ‘रोझ’ या भागापासून आरंभ करावा. १९८९ सालीं मालिका बंद पडली होती; १९९६ सालचा एक चित्रपट सोडला तर मध्यें बहुतेक शांतताच होती. (तो चित्रपट नवख्यानें पाहूं नये, तो इतकें समजावून सांगतो, कीं कांहींच समजत नाहीं.) वेल्सचेच लेखक रसेल टी. डेव्हिस यांनीं ती पुन्हां उभी केली, तेव्हां डॉक्टर कोण हें ज्यांना ठाऊक नाहीं अशा मुलांची एक सबंध पिढी त्यांच्यासमोर होती. त्यांनीं कथा डॉक्टरापासून आरंभिलीच नाहीं. रोझ नांवाची एकोणीस वर्षांची मुलगी लंडनच्या एका मोठ्या दुकानांत नोकरी करते. दुकान बंद होतांना ती तळघरांत जाते, तेथें कपडे घातलेले पुतळे हलूं लागतात, आणि एक अनोळखी माणूस तिचा हात धरून तिला पळावयास सांगतो. पुढें जें तिला कळतें तेंच आपल्याला कळतें; त्याहून अधिक कांहीं ठाऊक असण्याची गरज पडत नाहीं. भाग निर्दोष नाहीं. त्यांत एक कचऱ्याचा डबा माणूस गिळून ढेंकर देतो, तेथें मला लाज वाटली. माझा नातू तेथेंच पोट धरून हंसतो.

गंमत म्हणजे हेच पुतळे १९७० सालीं, मालिका प्रथम रंगीत झाली तेव्हांहि आले होते. तेव्हां दुकानाच्या कांचा फुटतांना दाखविण्याइतका पैसा नव्हता. नुसता खळ्ळ असा आवाज ऐकवून काम भागविलें. ती उणीव २००५ सालीं भरून काढली. पण मला विचाराल तर आवाजच अधिक भीतिदायक होता.

पुष्कळ जाणते लोक नवख्याला २००७ सालचा ‘ब्लिंक’ हा भाग प्रथम दाखवितात. दगडी देवदूतांची ती गोष्ट : आपण त्यांच्याकडे पाहत असतों तोंवर ते निश्चल असतात; पापणी लवली, कीं ते पुढें सरकतात. स्टीव्हन मॉफट यांच्या या भागाला विज्ञानकथांसाठीं दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच मिळाला. तथापि त्यांत डॉक्टर जेमतेम कांहीं मिनिटें दिसतो. पक्वान्न उत्तम आहे, पण त्यावरून घरच्या रोजच्या स्वयंपाकाची कल्पना येत नाहीं. तो चौथा-पांचवा म्हणून पाहावा. ‘रोझ’ ज्यांना पोरकट वाटेल त्यांच्यासाठीं २०१० सालचा ‘द इलेव्हन्थ अवर’ हें दुसरें दार आहे. तेथें एकटी असलेली एक लहान मुलगी रात्रीं अंगणांत पडलेल्या डॉक्टराला खाऊं घालते. तो पांच मिनिटांत येतों म्हणून जातो, आणि परततो तों ती मोठी झालेली असते.

आपल्या घरांतून मात्र मी आणखी एका भागाची शिफारस करीन, जरी तो आरंभासाठीं लिहिलेला नाहीं. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं दाखविलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. लेखक विनय पटेल. डॉक्टर या वेळीं स्त्रीरूपांत आहे. जोडी व्हिटेकर ही नटी ती भूमिका करते. तिची तरुण सोबतीण यास्मिन आपल्या आजीचें पूर्वायुष्य पाहावयास म्हणून जाते, आणि १९४७ च्या ऑगस्टांत, फाळणीच्या ऐन घटकेला, पंजाबांत पोंचते. आजी मुसलमान, तिचें लग्न एका हिंदु शेतकऱ्याशीं लागावयाचें आहे, आणि सरहद्द त्यांच्या शेतांतून जाणार आहे. ज्या डॉक्टरानें विश्वें वांचविलीं, तिला येथें हात बांधून उभें राहावें लागतें. माझ्या पत्नीला मीं आग्रहानें बसविलें. भाग संपल्यावर ती बराच वेळ उठली नाहीं. मग म्हणाली, “हें आधीं कां नाहीं दाखवलंत? त्या गुहेंत कशाला नेलंत मला?”

जुन्या भागांची ओढ मागाहून आपोआप लागते. तेव्हां प्रथम टॉम बेकर या लांबलचक मफलर घालणाऱ्या चौथ्या डॉक्टराकडे जावें. पॅरिसमध्यें घडणारें १९७९ सालचें ‘सिटी ऑफ डेथ’ हें चार भागांचें कथानक डग्लस ॲडम्स यांच्या लेखणीनें सजलेलें असून त्यांत विनोद ओसंडून वाहतो.

आतां आमचा दूरध्वनी रविवारीं पाऊण तास चालतो, आणि मुलगीच मधून मधून “पुरे झालं” म्हणते. नातवानें काळेपांढरे भाग कधीं पाहिलेले नाहींत. त्याला ते कंटाळवाणे वाटतील असें तो म्हणे. मीं त्याला सांगितलें, कीं पहिल्या भागांत एक तिरसट म्हातारा आहे आणि त्याची नात आहे. तो क्षणभर थांबला. “म्हणजे डॉक्टर आजोबा होता?” येत्या शनिवारीं तो तिकडे व मी इकडे तो पाहणार आहोंत. पहिलाच भाग, गुहेचे पुढले तीन मीं त्याला माफ केले आहेत.