खांद्याचे टाके किती टिकतात?

खांद्याचा सांधा चार स्नायूंच्या कंडरांनी घट्ट धरून ठेवलेला असतो. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. तो फाटला की केस विंचरणं जड जातं, फळीवरचा डबा काढता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

फाटलेली कंडरा दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून हाडाला पुन्हा शिवता येते. पण ती टिकते का? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी असे टाके घातलेले मोठ्या फाटीचे १८ रुग्ण तपासले. सोनोग्राफीत १७ जणांची कंडरा पुन्हा फाटलेली निघाली! तरीही वर्षभरानंतर बहुतेकांचं दुखणं कमी होतं, हात वर जात होता. दुसऱ्या वर्षी मात्र हा फायदा काहीसा ओसरला. तेव्हा नुसतं दुखणं थांबलं म्हणून कंडरा जुळली असं समजू नये.

फाट लहान असेल तर चित्र बरं असतं. नॉर्वेत १०३ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी शस्त्रक्रियेचा गट फिजिओथेरपीच्या गटापेक्षा सरस ठरला. तिथे टाके छेद घेऊन घातले होते, दुर्बिणीतून नव्हे, एवढं लक्षात घ्यायचं.

वाढतं वय, स्नायूत साठलेली चरबी, मधुमेह आणि धूम्रपान यांनी कंडरा जुळायला अडथळा येतो. वयाचं काही करता येत नाही. विडी-सिगारेट मात्र शस्त्रक्रियेआधीच सोडा, आणि शस्त्रक्रियेनंतर बरं वाटलं म्हणून हाताला आधार देणारा गळ्यातला पट्टा डॉक्टरांना न विचारता काढू नका.