पंपाच्या घरगुती टायमरमधील दोष कसे शोधावेत



शाळेची टाकी भरून वाहू लागली की पाणी व वीज वाया गेल्याचे सर्वांच्या ध्यानात येते. त्याहून मोठी हानी बोअरमध्ये होते, ती मात्र दिसत नाही. पाण्यात बुडालेल्या पंपास थंडावा पाण्याचाच. पाणी आटल्यावरही तो फिरत राहिला, तर मोटारीचे वाइंडिंग जळते. म्हणून विज्ञानाची आवड असलेले काही शिक्षक ठराविक वेळाने पंप बंद करणारा टायमर स्वतः जोडतात. तो बहुधा ५५५ क्रमांकाच्या आयसीवर उभारलेला असतो. रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरतो; त्याचा दाब पुरवठ्याच्या दोनतृतीयांश झाला की रिले सुटतो आणि पंप थांबतो. १ मेगोहम व १००० मायक्रोफॅरड घेतल्यास ही मुदत गणिताने सुमारे १८ मिनिटे येते.

प्रत्यक्षात मात्र पंप पुष्कळदा थांबतच नाही, आणि टायमरवर विसंबून घरी गेलेल्यास त्याची वार्ताही नसते. मग लगेच आयसी बदलली जाते; ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

मुदत संपल्यावर रिलेचा ‘टक्’ असा आवाज झाला काय, हे प्रथम पाहावे. आवाज होऊनही पंप चालू असेल, तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटले आहेत. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते; लहान रिले तो सोसू शकत नाही. रिलेने काँटॅक्टर चालवावा व काँटॅक्टरने पंप.

आवाजच झाला नाही, तर आयसीच्या २ क्रमांकाच्या पायाकडे वळावे. टाकीतील फ्लोट स्विच तेथे सरळ जोडला असल्यास टाकी भरेपर्यंत त्या पायावरील दाब शून्यच राहतो, आणि तोवर टायमर सुटत नाही. बोअर आटली तर टाकी भरणार कशी? म्हणजे संरक्षणाची गरज असते, नेमके तेव्हाच ते नाहीसे होते. मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून, पायाच्या बाजूस १० किलोओहमचा रेझिस्टर धन पुरवठ्यास जोडावा. मग पायास क्षणभराचाच इशारा मिळतो.

तिसरा दोष फसवा आहे. १२ व्होल्टच्या मंडलात कपॅसिटर ८ व्होल्टपाशी येतो, तेव्हा त्यात केवळ ४ मायक्रोॲम्पिअर प्रवाह शिरत असतो. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची स्वतःची गळती तेवढी असू शकते. फुटक्या रांजणात बारीक धार सोडली, तर तो भरावा कसा? येथे सुईचा जुना मीटर लावू नये. तोच प्रवाह ओढतो व चांगल्या कपॅसिटरलाही सदोष ठरवितो. त्याऐवजी १०० किलोओहम व १०० मायक्रोफॅरड जोडून पाहावे. रिले ११ सेकंदांच्या आसपास सुटला, तर जोडणी ठीक असून मोठा कपॅसिटर गळका आहे, असे समजावे. दीर्घ मुदतीस ४०६० ही मोजणी करणारी आयसी अधिक भरवशाची. तिला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागत नाही.

ही सर्व तपासणी पंपाची तार सोडवून, पंपाच्या जागी १२ व्होल्टचा दिवा लावून करावी. विद्यार्थ्यांचा हात १२ व्होल्टच्या बाजूपलीकडे जाऊ नये. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले टायमर बसविल्यावरही काढू नये.